वरीलप्रमाणे, चार वेळा

स्टेला उजागरेची पाठ गेली ती एका एकशे दहा किलोच्या माणसापायी. ट्रॅक्टरवरून पडून मांडी मोडलेला गडी, दोन्ही वॉर्डबॉय जेवायला गेलेले, आणि चादर तर बदलायलाच हवी होती. बावीस वर्षं हाडांच्या वॉर्डात असल्या माणसांना तिनं कुशीवर वळवलं होतं, 'आई गं' म्हणून कोकलणाऱ्या पहिलवानांना दटावून पायावर उभं केलं होतं. त्या दिवशी कमरेत कटकन वाजलं आणि ती कॉटची दांडी धरून उभी राहिली ती राहिलीच. पेशंटच घाबरून म्हणाला, "सिस्टर, डॉक्टरला हाक मारू का?"

मग तीन आठवडे फळीवर झोपणं, तपासण्या, कमरेला पट्टा. ज्यांच्या हाताखाली तिनं उमर काढली त्याच हाडांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की सिस्टरांनी यापुढं वजन उचलायचं नाही. तो कागद घेऊन ती मेट्रनच्या केबिनमध्ये गेली. मेट्रननं चष्म्यावरून कागद वाचला, भिंतीवरची ड्यूटीची यादी पाहिली आणि म्हणाली, "मग एनआयसीयूत जा. तिथला सगळ्यात वजनदार पेशंट दोन किलोचा आहे."

मेट्रनला हा मोठाच विनोद वाटला असावा. स्टेलाला हसू आलं नाही. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी माणसानं नवीन काही शिकावं हे निरोपसमारंभाच्या भाषणात ऐकायला बरं असतं. ज्याला शिकायचं आहे त्याला आधी झोप हवी असते, आणि ती तिला कंबर दुखायला लागल्यापासून लागत नव्हती. पण नोकरीची दहा वर्षं शिल्लक होती, नगरला सावेडीतल्या घरात नवरा पॉल शाळेतून निवृत्त होऊन बसला होता, आणि घरी बसून दोघांनी एकमेकांचं तोंड बघण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून ती काचेच्या दारामागच्या, कमी दिवसांच्या बाळांच्या त्या खोलीत गेली.

पहिल्याच सकाळी तिनं आपल्या नेहमीच्या आवाजात "गुड मॉर्निंग" म्हटलं, आणि तीन मशिनं एकदम बोंबलली. बाळं दचकली होती. हाडांच्या वॉर्डात अर्धे म्हातारे बहिरे, तिथं या आवाजावर वॉर्ड चालायचा. इथं सगळ्यांनी कुजबुजायचं. तिथं हात लावणं म्हणजेच नर्सिंग होतं, चोळणं, वळवणं, उचलणं. इथं इन्चार्ज सिस्टर सांगायची, "मॅडम, जितका कमी हात लावाल तितकं बाळ बरं." आणि हलकं काम म्हणावं, तर दिवसभर बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरवर वाकून उभं राहायचं. वजन उचलू नये म्हणून जिला इथं पाठवलं, तिची पाठ संध्याकाळी इथंच जास्त दुखायची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून पुढं कुठं पाठवणार होते?

इन्चार्ज होती मोनिका. वय सत्तावीस. तीच मोनिका, जी नर्सिंगला असताना हाडांच्या वॉर्डात शिकायला आली होती आणि जिचा चार्ट स्टेलानं सगळ्यांसमोर फाडून हातात दिला होता. कारण त्या पोरीनं चार पेशंटांचा ताप न मोजताच वरचा आकडा खाली उतरवला होता. तेव्हा स्टेला तिला म्हणाली होती, "बघून लिही. डोळ्यांनी बघितलं नाहीस तर हातानं लिहू नकोस." आता ती पोरगी तिची वरिष्ठ होती आणि तरीही तिला मॅडम म्हणायची. स्टेलाला ते दोन्हीकडून टोचायचं.

पंधरा दिवस शिकण्यात गेले. वहीत लिहून घेतलं, लाल पेननं रेघा मारल्या. औषध इथं थेंबाच्या हिशेबात. सलाईनची सुई केसाएवढी. आणि ऑक्सिजन, जो हाडांच्या वॉर्डात कुणालाही कितीही लावा, भलंच होणार, तो इथं मोजून द्यायचा. पूर्ण दिवस न भरलेल्या बाळाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वद ते पंचाण्णवमध्ये ठेवायचा. फार वर गेला तर डोळ्यामागच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, पडदा सुटतो, आणि बाळ जगतं पण त्याला दिसत नाही. हे तिनं वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मान डोलावली. डोक्याला पटलं होतं. पण बावीस वर्षं शंभर हा आकडा दिसला की ज्या छातीतून 'देवा, आभार' निघत होतं, तिनं कुठली वही वाचली होती?

त्याच सुमारास श्रीगोंद्याकडच्या एका गावातून भारती आली. पहिलटकरीण, सातव्याच महिन्यात कळा लागलेली. बाळ एक किलो पन्नास ग्रॅम, मुलगा. नवरा चेतन दुधाचा टेम्पो चालवायचा, पहाटेची फेरी टाकून दुपारी हॉस्पिटलात यायचा. सासू रतनबाई मात्र बाळ आत गेल्यापासून जिन्याखाली चटई टाकून बसली होती. बाळाच्या पायातल्या पट्टीवर 'भारतीचं बाळ' एवढंच लिहिलेलं. नाव बारशाला ठेवायचं, आणि बारसं घरी गेल्यावर.

पाचव्या दिवशी दुपारी रतनबाईनं काचेच्या दारात स्टेलाला गाठलं.

"सिस्टर, आज पाचवी हाय बाळाची. सांच्याला सटवाई यील त्याचं नशीब लिव्हाया. घरी आस्तं तर पाटा पुजला आस्ता, दिवा लावला आस्ता. हितं काय बी न्हाई." तिनं कमरेच्या पिशवीतून शाळेच्या वहीचा एक कोरा कागद काढला, घडी घातलेला, आणि एक पेन. "येवडं तरी ठिवा त्याच्यापाशी. लिव्हाया काय तरी नगं का तिला?"

स्टेला दर रविवारी चर्चला जाणारी बाई. पण सोनईला तिच्या माहेरी शेजारपाजारच्या पाचव्या पाहतच ती वाढली होती, आणि खुद्द तिच्या आजीनंही पाचवीला दिवा विझू दिला नव्हता, फक्त त्याला कुणी पूजा म्हणायचं नाही एवढाच नियम होता. शिवाय पाच दिवस जिन्याखाली बसलेल्या बाईला नाही म्हणायचं तर त्यालाही अंगात जोर लागतो. तिनं कागद घेतला, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला आणि बाळाच्या फायलीत अगदी मागं लावून टाकला.

"पेन नको, आजी. पेन आत आहे. चार्टला दोरीनं बांधलेलं असतं."

"मंग त्येच घील ती," रतनबाई समाधानानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्टेलाची दोन ते आठ ड्यूटी होती. तीन बाळं तिच्याकडे. तीनच्या सुमाराला बाळंतपणाच्या खोलीतून फोन आला, जुळं अवघडलंय, आणि मोनिका धावत गेली. जाताना म्हणाली, "दहा मिनिटांत आलेच, मॅडम." हॉस्पिटलातली दहा मिनिटं कशी असतात ते दोघींनाही माहीत होतं.

मोनिका जाऊन पाच मिनिटं झाली असतील, भारतीच्या बाळाचं मशिन वाजायला लागलं. आकडा अठ्ठ्याऐंशी, मग चौऱ्याऐंशी, मग ऐंशीच्या खाली. बाळ श्वास घ्यायला विसरलं होतं. अशी बाळं विसरतात, त्यांच्या तळव्याला बोट लावून आठवण करायची असते. स्टेलानं बोट लावलं. बाळानं श्वास घेतला, पण आकडा हलेना. हाडांच्या वॉर्डात अठ्ठ्याहत्तर म्हणजे डॉक्टरला फोन, नातेवाइकांना फोन. तिचा हात आपसूक ऑक्सिजनच्या बटणाकडे गेला. तीस टक्क्यांवर होतं. तिनं चाळीस केलं, साठ केलं, मग पूर्ण फिरवलं. आकडा चढायला लागला. नव्वद, सत्त्याण्णव, शंभर. बाळ गुलाबी झालं.

देवा, आभार.

मशिन पुन्हा वाजलं, यावेळी आकडा जास्त झाला म्हणून. "आता शंभराला काय बोंब मारतोस," असं पुटपुटत तिनं वरच्या मर्यादेचा भोंगा बंद करून टाकला. दोन मिनिटांत बटण खाली आणू, असं तिच्या मनात खरोखर होतं. तेवढ्यात दार ढकलून मोनिका आणि डॉक्टर जुळं घेऊन आत आले. त्यातलं एक निळं पडलेलं. "मॅडम, इकडं या! नळी धरा! हे द्या, ते द्या!" पुढचे चार तास त्या निळ्या पोरापायी कुणाला पाणी प्यायलाही सवड झाली नाही.

तरी दर तासाला ती चार्ट लिहायला भारतीच्या बाळापाशी आली. शिस्तीची बाई होती. चारला आली, पाचला आली, सहाला, सातला. बाळ गुलाबी, शांत झोपलेलं. चार्टवर वरच्या ओळीत ऑक्सिजन तीस, आकडा चौऱ्याण्णव. तिनं त्याखाली प्रत्येक रकान्यात दोन बारीक उभ्या रेघा मारल्या, म्हणजे वरीलप्रमाणे. हाडांच्या वॉर्डात मोडलेला पाय महिना महिना लटकत असतो, आज काल परवा सगळं सारखंच, तिथं गेली कित्येक वर्षं ती अशाच रेघा मारत आली होती. मोनिकाचा चार्ट फाडणारी स्टेला कुठंतरी मागं राहून गेली होती आणि हे तिला कुणी कळवलं नव्हतं. दोरीनं बांधलेलं पेन तिनं खाली सोडलं आणि ती पुन्हा निळ्या पोराकडे धावली.

सव्वासातला मोनिका कंबर सरळ करत सगळ्या बाळांवरून नजर फिरवत आली आणि भारतीच्या बाळापाशी थबकली. तिनं बटणावर हात ठेवला आणि हळूहळू खाली आणायला लागली.

"मॅडम, हे कधीपासून?"

 "तीनपासून," स्टेला म्हणाली.

मोनिकानं चार्ट उचलला. चार ओळी दोन-दोन रेघांच्या. तिनं त्या पाहिल्या आणि मग स्टेलाकडे पाहिलं. त्या पोरीला सगळं आठवत होतं हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. ती टाकून बोलली असती, चार्ट फाडून हातात दिला असता, तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "राहू द्या, मॅडम. चार तासांनी सहसा काही होत नाही. मीच तुम्हाला एकटीला टाकून गेले." आणि तिनं चार्ट जिथल्या तिथं अडकवला.

तिथून स्टेलाचे दिवस मोठे झाले. बाळ वाढत होतं. अकराशे, बाराशे ग्रॅम. नळीतून दूध जायचं, मग बोंडल्यानं पाजायला सुरुवात झाली. भारती दर दोन तासांनी वाटीत दूध काढून आणायची, बाळाला उघड्या छातीशी धरून तासतास बसायची. एकदा त्यानं डोळे उघडले तेव्हा ती हरखून म्हणाली, "सिस्टर, मला बगतोय का ओ ह्यो?"

"एवढ्या लहान बाळांना अजून नीट दिसत नसतं," स्टेला म्हणाली. ते खरंही होतं. मग ती हात धुवायला गेली आणि कोपरापर्यंत साबण लावून नळाखाली बराच वेळ उभी राहिली. त्या दिवसांत हात धुऊन धुऊन तिच्या बोटांची कातडी फाटली होती.

घरी पॉल विचारायचा, "पाठ दुखतेय का?" ती म्हणायची, हो. पाठीला सगळं खपून जात होतं. रविवारी चर्चमध्ये पापांची कबुली सगळ्यांनी एका सुरात म्हणायची असते, ती मात्र तिला म्हणता यायची, कारण त्यात तपशील द्यावा लागत नाही.

दर बुधवारी पुण्याहून डोळ्यांचे डॉक्टर येत. कमी दिवसांच्या बाळांचे डोळे चार आठवड्यांनी तपासायचेच असतात. भारतीच्या बाळाची पाळी आली तेव्हा डोकं धरायला स्टेलाच होती. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, डोळ्यांत औषध घातलं, पापण्या तारेनं उघड्या धरल्या. बाळ जीव खाऊन रडलं. डॉक्टरांनी वाकल्या वाकल्या विचारलं, "ऑक्सिजन कधी जास्त लागला होता का?" शिकाऊ डॉक्टरनं फाईल चाळली. "नाही सर. तीसच्या वर कधीच नाही."

स्टेलानं तोंड उघडलं. तिच्या दोन्ही तळव्यांमध्ये ते डोकं होतं, टाळू धडधडत होती. तिनं तोंड मिटलं.

"पडदा अजून कच्चा आहे. पंधरा दिवसांनी बघू," डॉक्टर म्हणाले.

ते पंधरा दिवस तिनं कसे काढले हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. जेवण उतरत नव्हतं. पडल्या पडल्या ती हिशेब करायची की बाळाचं काही झालं नाही तर सांगायची गरजच काय, आणि काही झालं तर सांगून उपयोग काय. दोन्हीकडून उत्तर एकच यायचं आणि तरी झोप लागायची नाही. थकून गेली बाई. माणूस कामानं थकतं तसं नव्हे, गप्प बसून थकतं तसं.

दुसऱ्या तपासणीला डॉक्टर पहिल्यापेक्षा जास्त वेळ वाकून राहिले. उजवा डोळा, डावा डोळा, पुन्हा डावा. मग सरळ होऊन म्हणाले, "रक्तवाहिन्या वाढल्यात. डाव्यात जास्त. दोन दिवसांत लेझर करावं लागेल, पुण्याला पाठवा." आणि पुन्हा तोच प्रश्न, जरा स्वतःशीच, "ऑक्सिजन तीसच्या वर गेला नव्हता म्हणता?"

"गेला होता," स्टेला म्हणाली. तिच्या आवाजानं शेजारचं मशिन वाजलं. "सहाव्या दिवशी. पूर्ण शंभर, चार तास. मीच ठेवला होता. चार्टवर आहे ते खोटं आहे."

 डॉक्टरांनी उपकरण पुसून पेटीत ठेवलं. मग म्हणाले, "सिस्टर, एवढ्या कच्च्या बाळात हे ऑक्सिजनशिवायही होतं. तुमच्या चार तासांनीच झालं असं मला म्हणता येणार नाही." थोडं थांबून म्हणाले, "झालं नसेल, असंही म्हणता येणार नाही."

संध्याकाळपर्यंत तिला दोनदा केबिनमध्ये बोलावलं. बाळांच्या मोठ्या डॉक्टरांनी समजावलं की उपचार वेळेवर होतोय, नातेवाइकांना आता हे सांगून कुणाचं भलं होणार आहे, उद्या काचा फुटतील. ते वाईट माणूस नव्हते, दमलेले होते. मेट्रन म्हणाली, "ओपीडीत इंजेक्शनच्या टेबलावर जागा आहे. खुर्ची आहे तिथं. जा." खुर्ची म्हटल्याबरोबर स्टेलाच्या पाठीला बरं वाटलं, हेही खोटं नाही. ती म्हणाली, "आधी चार्ट दुरुस्त करते."

चार्ट कसा दुरुस्त करायचा हे ती वर्षानुवर्षं पोरींना शिकवत आली होती. खोडायचं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं, सही आणि तारीख. तिनं चारही ओळींवरून एकेक रेघ ओढली. शंभर. शंभर. शंभर. शंभर. चार सह्या. मोनिका शेजारी उभी होती. तिनं न सांगता पाचवी सही केली, खाली, इन्चार्जची. मग स्टेला फाईल घेऊन जिन्याखाली गेली.

भारती चटईवर पाय दुमडून बसली होती. रतनबाई भाकरीचं फडकं आवरत होती. स्टेलाला खाली बसता येत नव्हतं, ती भिंतीला टेकली.

"भारती, डोळ्यांबद्दल तुला डॉक्टरांनी सांगितलं. जे सांगितलं नाही ते मी सांगते. बाळ सहा दिवसांचं होतं तेव्हा मी त्याचा ऑक्सिजन पूर्ण वाढवला आणि चार तास कमी करायला विसरले. एवढ्या बाळाला तेवढा द्यायचा नसतो, त्यानं डोळ्याला इजा होते. जे झालंय ते त्यानंच झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत. त्यानं झालं नाही, असंही म्हणत नाहीत."

 रतनबाईनं फडक्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग सुस्कारा टाकून म्हणाली, "जाऊ द्या, बाई. तुमी काय मुद्दाम केलं का? सटवाईनं लिव्हलं आसंल तसं त्याच्या कपाळी. तिच्या म्होरं तुमी काय न् आमी काय."

केवढी सोय होती त्या वाक्यात! स्टेलाला वाटलं, म्हातारीचा हात धरावा, रडून घ्यावं आणि इंजेक्शनच्या टेबलावर जाऊन बसावं. दीड महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला माफ करत होतं. आणि तिला एकदम संताप आला, स्वतःचाच.

तिनं फाईल उघडली, मागून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं, घडी उलगडली. "आजी, हा तुमचा कागद. बघा. कोरा आहे. सटवाईनं यावर काही लिहिलं नाही." मग चार्टचं पान समोर धरलं. "हे लिहिलेलं आहे. हे मी लिहिलं. त्याच पेननं."

भारती दहावी झालेली होती. तिनं फाईल हातात घेतली, रेघांवर बोट ठेवलं. "ह्ये काय हाय?"

"त्याचा अर्थ, वरीलप्रमाणे. वर जे आहे तेच."

"आन् वरच्यावानी नव्हतं."

"नव्हतं. मी बघितलंच नाही."

भारती उठली. फाईल तिनं स्टेलाच्या हातात कोंबली. "माज्या लेकराला आता हात लावू नगा," ती म्हणाली आणि जिना चढून गेली. रतनबाई कोरा कागद मांडीवर घेऊन बसून राहिली. स्टेलाला उभं राहवेना, पण बसताही येत नव्हतं, म्हणून ती तशीच चालत बस स्टॉपला गेली. बसवर नवं नाव रंगवलेलं, अहिल्यानगर, आणि कंडक्टर दारात लोंबकळत "नगर, नगर" ओरडत होता. घरी जाऊन तिनं पॉलला सगळं सांगितलं. त्यानं चहा केला आणि तिच्यासोबत ओट्याशी उभा राहून प्यायला.

पुढचं आधीच सांगून टाकायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल. लेझर झालं. उजवा डोळा वाचला, चांगला वाचला. डाव्याला जाड भिंग लागणार आहे आणि तरीही तो किती बघेल हे पोरगं मोठं झाल्यावरच कळेल. ते कशानं झालं हे कुणालाच कधी कळणार नाही, आणि स्टेला अजून त्याच वॉर्डात आहे.

ती अजून तिथं कशी, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ॲम्ब्युलन्स दारात लागली होती. बाळाला अजून नाकाशी थोडा ऑक्सिजन लागत होता, तेव्हा सोबत सिस्टर हवी. मोनिकानं औषधांची पेटी तयार केली, स्वतः निघाली. स्टेला आपलं कपाट रिकामं करायला आली होती, पट्टा आवळून, पिशवी घेऊन. भारती बाळाला घेऊन पायरीवर थांबली आणि म्हणाली, "ह्या नगं. त्या येतील."

मोनिकाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चेतन पुढच्या सीटवरून म्हणाला, "अगं, कालच तू..."

"काल म्हनले. रातभर इचार केला." भारती स्टेलाकडे न बघता बोलत होती. "बाकीच्यांना मशिन म्हाईत हाय. ह्यांना मशिनानं काय व्हतं त्ये म्हाईत हाय. ह्यांची नजर आता हालायची न्हाई. ह्यांनीच यायचं."

त्यात माफी नव्हती. स्टेलानं ती शोधली आणि सापडली नाही. तिनं रिकामीच पिशवी मोनिकाच्या हातात दिली, कपाट तसंच राहिलं ते कायमचं, आणि दांडीला धरून, दात आवळून, ॲम्ब्युलन्समध्ये चढली.

पुण्याचा रस्ता तिच्या पाठीनं मणका न् मणका मोजला. ती बाळाच्या डोक्याशी बसली होती, चार्ट मांडीवर, एक डोळा आकड्यावर, एक बटणावर. दर पंधरा मिनिटांनी लिहायचं. भारती समोर बसून पेनाकडे बघत होती. पेन थांबलं की तिची नजर आकड्यावर जायची, मग कागदावर, दोन्ही जुळतात का बघायला. सुप्याच्या पुढं आकडा चौऱ्याण्णव होता, ऑक्सिजन अठ्ठावीस. पंधरा मिनिटांनी पुन्हा चौऱ्याण्णव, पुन्हा अठ्ठावीस. स्टेलाचं पेन कागदाला टेकलं आणि त्या दोन रेघांसाठी बोटं आपोआप वळली. ती थांबली. तिनं मान वर करून आकडा पाहिला, मग बटण पाहिलं.

"परत तेवडंच का?" भारतीनं विचारलं.

"तेवढंच."

"तरी लिव्हा," भारती म्हणाली.